दिवंगत सासऱ्यांचा निर्दोष रिपोर्ट

प्रिय गेंड्या,

(आता एवढा नावाजलेला सर्जन झालास, तेव्हा 'गेंडेसाहेब' लिहायला हवं. पण वसतिगृहात माझा टूथब्रश वापरणाऱ्या माणसाला मी साहेब म्हणणार नाही.) साष्टांग घालण्याइतके गुडघे आता उरले नाहीत, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार. वहिनींची पाठ कशी आहे? तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? लोकांच्या तोंडातले कॅन्सर कापून कापून तू म्हणे हल्ली फार कमी बोलतोस. तुझ्या बाबतीत ही सुधारणाच म्हणायची.

आमच्याकडे सगळं ठीक. तुम्ही सगळे मोठ्या शहरांत गेलात आणि मी जन्मगावी येऊन घराच्या खालच्या खोलीत दवाखाना थाटला, त्याला यंदा चोवीस वर्षं झाली. गावात माझा दरारा आहे. समोरून येणारा ओळखीचा माणूस मला बघून हसत नाही, तोंड मिटून घेतो. ज्या हेडमास्तरांनी मला छड्या मारल्या, ते आता माझ्याच खुर्चीत डोळे गच्च मिटून पडतात, आणि मी शक्यतो सूड उगवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्यांची पाळी. वडील (कवळीसकट), बायको आणि दोन्ही मुली ओळीने खुर्चीत बसतात आणि मी एकेकाचं तोंड तपासतो. बायको म्हणते, तुम्हाला आमचे चेहरे आठवत नसतील, दाढा आठवतील. ते काही अगदीच खोटं नाही. माझं तोंड मात्र चोवीस वर्षांत कुणी बघितलेलं नाही. गावात दुसरा दंतवैद्य एकच आहे, आणि त्याने केलेली कामं मी रोज निस्तरत असतो.

तर तीन महिन्यांपूर्वी दाढी करता करता जांभई आली आणि आरशात, अगदी मागे, गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा दिसला. दुखत नव्हता, खुपत नव्हता. (यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मीही पेशंटला तेच म्हणतो: न दुखणाऱ्या चट्ट्यालाच जास्त घाबरा.) खाली जाऊन रीतसर स्वतःचा केसपेपर काढला आणि शिस्तीत नोंद केली: चट्टा, उजवी बाजू. आठ दिवस वाट बघितली, तो गेला नाही. मग एका दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, आतून कडी लावली आणि त्यातला तुकडा तपासणीसाठी स्वतःच काढायचं ठरवलं. तुझ्याकडे यायला हवं होतं, मान्य. पण तुझ्याकडे येणं म्हणजे घाबरलो हे कबूल करणं. एका हाताने गाल ओढायचा, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने रक्त टिपायचं, आणि तोंडाच्या वाफेने आरसा धुरकट झालेला. शेवटी आरसा बाजूला ठेवला आणि केसपेपरवर भरवसा ठेवून, उजवीकडे भूल देऊन, उजवीकडचा तुकडा काढला. बाटलीवर नाव सासऱ्यांचं घातलं. ते वारल्याला अकरा वर्षं झाली, त्यांची हरकत येण्याचा संभव नव्हता.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. सासरे ठणठणीत निघाले! मला इतका आनंद झाला की मी वडिलांची कवळी दोनदा घासली, थोरलीला सायकल आणली आणि त्या हेडमास्तरांची दाढ फुकटात भरून दिली. सहा आठवडे मी घरभर शीळ घालत हिंडत होतो. घास गिळताना थोडं टोचायला लागलं, ते मी मनावर घेतलं नाही.

मग गेल्या रविवारच्या आधीचा रविवार. सगळ्यांचं तपासून झाल्यावर धाकटीने हट्ट धरला की आज बाबाला तपासायचं. आठ वर्षांची आहे. स्टुलावर चढली, दिवा ओढला, माझ्या तोंडात छोटा आरसा घातला आणि म्हणाली, "उजवीकडे पांढरं आहे, मध्ये लाल आहे." मला शिकवायची हौस. म्हटलं, बाई, कुणाची उजवी? समोरच्या पेशंटची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते. डॉक्टरने नेहमी पेशंटची बाजू सांगायची. तिने नीट विचार केला आणि म्हणाली, "मग तुझी डावी, बाबा. घड्याळाच्या हाताकडची."

गेंड्या, चोवीस वर्षं मी समोरच्याची डावी-उजवी उलटी करून लिहीत आलोय. आरशात स्वतःचं तोंड बघतानाही हाताने तेच केलं. आरशात डावं डावीकडेच दिसतं, हे पाचवीतल्या मुलाला कळतं. निरोगी गाल कापून मी त्याचा आनंद साजरा केला, आणि चट्ट्याला वाढायला दोन महिने दिले. आता तो बोटाला टणक लागतो. मला फार भीती वाटते रे. धाकटीच्या दुधाच्या दाढा अजून पडायच्या आहेत.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दातपाड्या

ता. क. – बुधवारी सकाळी तुझ्या दवाखान्यात येतोय. घरी सांगितलंय की दंतवैद्यांचं शिबिर आहे. बायकोचा फोन आला तर शिबिर फार छान चाललंय म्हणून सांग. तेवढं खोटं माझ्यासाठी बोल. तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा – एकाचा बसवलेला दात निसटला म्हणून पत्र टेबलावर टाकून उठलो होतो. परत आलो तर बायको पेशंटच्या खुर्चीत बसून हे वाचत होती. धाकटीने तिला त्याच रविवारी सांगितलं होतं. तेव्हापासून घरात सगळं मऊ आणि बिनतिखट शिजतंय, आणि मी समजत होतो ते वडिलांच्या कवळीसाठी. ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते." मग बराच वेळ दोघंही रडलो. तेव्हा वरची विनंती रद्द. बुधवारी दोघं येतोय. तिला सगळं खरं सांग. मला तिच्यानंतर, जमेल तेवढं हळू सांग.