आईला दिलेलं उत्तर

नरडाणा

प्रिय ज्योत्स्नाअक्का,

अक्षर माझं आहे हे बघून लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला मी भांडणावर येतो. आई जाऊन सात महिने झाले. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठ दिवसांवर आली. तिच्या नावाची पहिली घागर तुम्ही पिंप्राळ्याला भरणार, असं लीलाधर भाऊजींकडून कळलं. खरं तर ती मुलानं भरायची. पण बाप्तिस्मा घेतल्यापासून मी पित्तरांना पाणी देत नाही. अग्नीसुद्धा भाऊजींनीच दिला. भडगावच्या स्मशानात मी परक्यासारखा लांब उभा होतो.

तिथंच तू मला विचारलंस, तुझ्या धर्माप्रमाणे आई आता कुठं गेली रे? मी तोंड फिरवलं. उत्तर मला पाठ होतं गं. ज्यानं प्रभूला मानलं नाही त्याला नरक, हे मी रविवारच्या उपासनेत कितीदा ठणकावून सांगितलंय. लोकांच्या आयांबद्दल बोलायला काय जातं? पण ही आपली आई. उन्हात केळीचे घड वाहून तिच्या तळपायांना फोड यायचे, तेवढंही आपल्याला बघवायचं नाही. तिला कायमच्या आगीत बसवून मी इकडे वरणभात कसा खाऊ?

शेवटी आमच्या पाळकांकडे गेलो. पितांबर सर, सत्तरी उलटलेला माणूस. ते म्हणाले, शेवटी देव सगळ्यांनाच घरी आणतो असं मानणारे ख्रिस्ती फार पूर्वीपासून आहेत, आणि ते चुकतात म्हणणारेही तितकेच जुने. तुम्ही काय मानता, असं विचारलं. तर म्हणाले, माझे आजोबा गावचे भगत होते. चाळीस वर्षं नरकावर बोलतोय, पण त्यांचं नाव घेऊन एकदाही बोलता आलं नाही. आम्ही दोघं म्हातारे-तरणे समोरासमोर बसून रडलो. चहा तसाच निवला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. योगराज आईला बाटवायला टपला होता, असं तू सगळ्या नात्यात सांगतेस. झालं उलटंच, अक्का. ती जायच्या चार दिवस आधी तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा तिनंच माझा हात धरला. म्हणाली, "भाऊ, तू जठे जाशी तठे माले येऊ देतीन का? पानी टाकनं पडस ते टाकी दे मना डोकावर." तिला धर्माचं काही नव्हतं, लेकाजवळ राहायचं होतं. आणि मी दीडशहाणा म्हणालो, लेकासाठी घेतलेला बाप्तिस्मा चालत नाही आई, आधी विश्वास हवा. "बरं," म्हणाली आणि भिंतीकडे कुशीवर वळली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. देव तिला आत घेईल की नाही, मला सांगता येत नाही. मी घेतलं नाही, एवढं मात्र खरं. आखाजीला मी येतोय. शिव्या दे, पण दार उघड. घागर मी भरणार. चर्चची मंडळी काय म्हणायचं ते म्हणोत, माझं पुढं काय व्हायचं ते होवो. आई जिथं असेल तिथंच मला जायचंय.

तुझाच हट्टी भाऊ,
योगराज