बुद्धाच्या नाकपुडीत बाबा

प्रिय शिगेकी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे लगेच उघडणार नाहीस, फ्रिजवर ठेवून देशील, ठाऊक आहे मला. तरी लिहिते. बाबांचं पोटाचं दुखणं साधं नव्हतं रे. डॉक्टर आता औषधं बदलत नाहीत, नुसती विचारपूस करून जातात. तू घर सोडून किती वर्षं झाली ते आई मोजते. मी मोजत नाही, मला राग येतो.

काल वारा लागावा म्हणून शाईची कोठी उघडली. उन्हाळ्यात ती बंदच असते, पण काजळीचा आणि सरसाचा तो वास नाकात गेला आणि आपला तो दिवस आठवला. नारा शहरात जन्मूनही आपण भावंडांनी तिथल्या देवळातला महाबुद्ध धड पाहिला नव्हता. बाबा हिवाळाभर शाईच्या कांड्या पाडायला काजळीचा गोळा मळायचे आणि उन्हाळाभर झोपा काढायचे. त्या सकाळी त्यांच्या काय अंगात आलं कोण जाणे! गवती टोपी घातली, शेजाऱ्यांचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि जाहीर केलं, की आज आपण ओसाकाहून आलेले पाहुणे. गल्लीच्या तोंडाशी तांदळाचे मोची-लाडू विकणाऱ्या आजीलाच त्यांनी देवळाचा रस्ता विचारला. तिने आईला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना ऊन लागलंय का म्हणून. पुढे देवळाच्या वाटेवर मोकळ्या फिरणाऱ्या एका हरणाने आईचा कागदी पंखा खाल्ला. हरणांना चारायची बिस्किटं तू आधी स्वतः चाखलीस आणि बरी लागतात म्हणून मलाही चारलीस, मेल्या.

आणि मग देवळातला तो लाकडी खांब. त्याच्या बुंध्याला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक, त्यातून आरपार गेलं की पुण्य मिळतं म्हणतात. तू सटकन गेलास, मागोमाग मी. बाबा तेव्हा केवढे आडवे होते! आई नको नको म्हणत असताना हात डोक्यावर ताणून घुसले आणि खांद्यापाशी अडकले. मागे ही रांग लागलेली. मी वळसा घालून मागून त्यांचे पाय ढकलतेय, तू पुढून दोन्ही हात धरून ओढतोयस, आणि आई रुमालाने वारा घेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बुद्धा, एकदा शिंक रे, म्हणजे सुटतील हे." बाबा आतच हसायला लागले आणि हसू लागल्यावर आणखीच घट्ट बसले. कसे सुटले देव जाणे. पण सुटले तेव्हा तुझ्या मनगटांवर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. हिवाळ्यात मुरलेली काजळी उन्हाळ्यात घामाबरोबर बाहेर यायची ना त्यांच्या. त्या संध्याकाळी तू टबात हात पाण्याबाहेर धरून बसलास. आईला ते ठसे धुऊ दिले नाहीस.

आणि मोठा झाल्यावर तूच जेवता जेवता म्हणालास, "मला असले काळे हात नकोत." बाबांनी भाताचा वाडगा खाली ठेवला. "मग गोरे हात घेऊन या घरात येऊ नकोस," म्हणाले. दोघे एकाच वळणाचे हट्टी. तू गेल्यावर आई बरेच दिवस तुझा वाडगा मांडायची आणि बाबा तो गुपचूप उचलून ठेवायचे. टाकून मात्र कधी दिला नाही.

परवा नर्स सदरा बदलायला आली. बाबांनी दोन्ही हात डोक्यावर ताणले, अगदी त्या दिवशीसारखे. सदरा चढला तरी हात खाली घेईनात. मला वाटलं, दुखतंय. जवळ जाऊन पाहिलं तर शिगेकी, त्यांचे तळवे पांढरे पडलेत. रेघांमधलीसुद्धा काजळी गेलीय सगळी. माझ्याकडे बघून म्हणाले, "युकिए, आता मी अडकणार नाही." अंगावर उरलंय तरी काय त्यांच्या! मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पण पुढून ओढायला कुणीतरी लागतं." तुझं नाव घेतलं नाही. घेणारही नाहीत. मागून मी आहे, आई आहे. पुढे कुणी नाही. तुझे हात गोरे असोत नाहीतर कसेही, तेवढे घेऊन ये.

तुझीच,
मागून ढकलणारी ताई