माइकवर राहिलेला धवला

आये, परवा तुझा आवाज ऐकला. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून आधी हे सांगून टाकतो, बाकीचं मागाहून.

तुझ्या धाकट्या नातीचं लग्न ठरलंय. तिला हळदीच्या दिवशी मांडवात धवला गायलेला हवा आहे, आणि आपल्या गावात धवला म्हणणारी एकही बाई आता उरलेली नाही. तू होतीस तोवर खाडीकाठच्या पाच-सहा गावांत तुझ्यावाचून हळद लागत नसे. घरचे सगळे ताटकळत बसायचे आणि तू आपली पदर खोचत सावकाश यायचीस, जणू काही लग्न तुझंच आहे आणि तुझ्या सोयीनेच लागणार आहे. आता हॉल असतो आणि डीजे असतो. पोरगी म्हणाली, "पप्पा, आजीचं रेकॉर्डिंग असेल ना कुठेतरी?" मी नाही म्हणालो. पण ते 'नाही' मला आठवडाभर टोचत राहिलं. शेवटी माळ्यावरून जुना काँप्युटर खाली काढला आणि स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन दिला.

ते टीव्हीवाले आले होते ते दिवस आठवतात तुला? छोटीशी वाहिनी होती, पुढे बंदच पडली. तू आधी साफ नकार दिला होतास. मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, हा तुझा नियम. मी कॉलेजात असताना वही घेऊन कितीदा तुझ्यामागे लागलो, तर तुझं उत्तर ठरलेलं, "मांडव घाल, मंग सांगते." त्या पोरांनी मात्र खरोखरच अंगणात चार बांबू रोवले, वर आंब्याचे टहाळे टाकले. तू वर बघितलंस, हसलीस, आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आलीस आणि त्या खोट्या मांडवात बसून दोन तास गायलीस. जाताना ते सांगून गेले, रविवारी सकाळी अकराला लागेल.

मला तेव्हा नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि काँप्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. टीव्हीवरचा कार्यक्रम काँप्युटरमध्ये उतरवून घ्यायला लॅमिंग्टन रोडवरून मी टीव्ही ट्यूनर कार्ड घेऊन आलो. शनिवारची दुपार आहे. मी पुढच्या खोलीत काँप्युटरचं कॅबिनेट उघडून बसलोय, तू शेजारी सुपात सुका जवळा निवडतेस. "ह्यो डबा कशाला उघारलास रं? मोडशील." मी तुला दटावतो. केबलच्या वायरचे दोन फाटे करतो, एक टीव्हीला, एक कार्डाला. सीडी घालून सॉफ्टवेअर चढवतो, ते एकेक चॅनल शोधत जातं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात. मग एकदम चित्र येतं तेव्हा तू जवळ्याचे हात तसेच धरून जवळ येतेस. मी रविवारची वेळ लावून ठेवतो, अकराला पाच कमी. तू विचारतेस, "मना नाय समजत तुजा डबा. पन माजं गानं त्यात ऱ्हाईल ना?" मी म्हणतो, राहील की, तुझ्या नातवंडांची पोरंसुद्धा बघतील.

चूक एकाच जागी झाली. आवाज कुठून घ्यायचा ते सॉफ्टवेअरमध्ये निवडायचं असतं. कार्डाची वायर जिथे जोडली होती ते 'लाइन-इन' निवडायला हवं होतं. तिथे आधीपासून 'माइक' होतं, आणि मी बघितलंच नाही. माइक म्हणजे चॅटिंगसाठी घेतलेला, मॉनिटरच्या कडेला लोंबकळणारा. म्हणजे चित्र टीव्हीवरचं आणि आवाज आपल्या खोलीतला.

कार्यक्रम संपल्यावर मी एकट्याने फाइल लावून बघितली. तुझे ओठ हलताहेत आणि ऐकू येतोय पंख्याचा घरघराट, आतल्या भांड्यांची आदळआपट आणि लांबून कुठूनतरी टीव्ही. दहा-बारा सेकंद ऐकलं आणि बंद केलं. तुला सांगितलं की कार्डच खराब निघालं. माझी चूक झाली, एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. तू म्हणालीस, "जाऊं दे रं. तुजी काय चूक त्यात?" आणि चहा टाकायला गेलीस.

दुकानदाराने हार्ड डिस्कमधलं होतं नव्हतं ते काढून दिलं. परवा ती फाइल मी जन्मात पहिल्यांदा पूर्ण ऐकली. टीव्हीवर तू गायला लागतेस आणि लगेच निवेदिका मधे बोलायला लागते, गाणं मागे विरून जातं. तेवढ्यात अगदी कानाजवळ तुझा आवाज येतो, "आरं, तोरलं की मेल्यांनी! पुढं उखलाचं हाय, जात्याचं हाय." आणि आये, तू गायला लागतेस. मांडव नाही, हळद नाही, ठेवणीतलं लुगडं नाही. कार्यक्रम नीट दिसावा म्हणून तू काँप्युटरच्या टेबलाशी येऊन बसली होतीस, माइक तुझ्या तोंडापासून हातभर. उखळाला लग्नाला बोलावतेस, मुसळाला बोलावतेस, सुपाला बोलावतेस, कोणी रुसू नये म्हणून एकेकाची विनवणी करतेस. जात्यापर्यंत येतेस. आणि मग माझा आवाज, मोठा, वैतागलेला. "आये, गप्प बस ना! तुझं नाव सांगतायत."

तू तिथल्या तिथे थांबतेस. निवेदिका तुझं नाव सांगते, तेही आडनाव चुकवून. पुढे कार्यक्रम संपेपर्यंत पंखा आहे, भांडी आहेत, तू नाहीस. मी तीन वेळा शेवटपर्यंत ऐकलं, मधे एखादं 'हं' तरी येईल म्हणून. आलं नाही. मला फार वाईट वाटलं, आये. जात्यानंतर कोणाला बोलवायचं होतं ते आता कोणालाच ठाऊक नाही.

तुझ्या नातीने ते दीड मिनिट पाठ केलंय. तुझ्यासारखंच सूर ओढते, 'उखलाचं'च म्हणते. हळदीला मांडवात तेवढंच म्हणणार आहे. तिला दिलेली फाइल मी आधीच कापून ठेवली होती, तुझ्या जात्यापर्यंत, माझं वाक्य सुरू व्हायच्या आत. काल ती विचारत होती, "पप्पा, आजी अशी मधेच का थांबली?"

मी म्हणालो, कार्ड खराब निघालं होतं.