आत्याच्या मंजनावर हरकत

ती. आत्यास,

साष्टांग दंडवत. (वाकलो की कमरेत चमक भरते, म्हणून दंडवत खुर्चीतूनच घातलाय, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबा कानाचं यंत्र लावायला लागले, की अजून सगळ्याला ‘बरोबर आहे’ म्हणूनच भागवताहेत? इकडे सगळे मजेत आहेत. मी सोडून.

तुला माहीतच आहे, माझी मास्तरकी अजून कच्ची. तपासणीच्या बाई येऊन माझा तास बघणार, मग त्यांची आणि हेडसरांची सही झाली की मी कायम. नाहीतर वळकटी घेऊन थेट तुझ्या दारात. धडा आला ‘द्रव्याचे प्रकार’. म्हणजे बघ, तांब्यासारखं ज्यात दुसरं काहीच नाही ते मूलद्रव्य. दोन-चार मूलद्रव्यं अशी जुळली की चाळून-गाळून सुटत नाहीत, ते संयुग. आणि नुसतंच एकत्र कालवलेलं, साध्या उपायानं वेगळं होतं, ते मिश्रण. (तू हे वाचताना जांभई देतेयस, मला इथून दिसतंय.) फळ्यावर खरडण्यापेक्षा मी तीन टेबलं मांडली. पोरांनी घरून वस्तू आणायची, योग्य टेबलावर ठेवायची, आणि कुणाला पटलं नाही तर त्यानं ‘हरकत!’ म्हणून ओरडायचं. मग त्या वस्तूची सगळ्यांसमोर परीक्षा. ही हरकतीची शक्कल माझीच बरं का, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

सरावालाच कहर झाला. पहिल्या बाकावर एक एवढीशी मुलगी आहे, आम्ही तिला हरकतबाईच म्हणतो. तिनं शिपायाच्या हातातल्या चहावर हरकत घेऊन तो तीनदा गाळला. शिपाई अजून माझ्याशी बोलत नाही. एकानं तर धाकट्या बहिणीलाच मिश्रणाच्या टेबलावर बसवलं, का तर म्हणे ती अर्धी आईवर गेलीय, अर्धी बाबांवर. तिथं खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी संयुगाचं टेबल फार ओकंबोकं दिसत होतं. मीठ, साखर, खायचा सोडा, संपलं. तेव्हा मला तुझ्या मंजनाचा डबा आठवला. लहानपणापासून तू माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगत आलीस, की हा एकाच डोंगरातला एकच दगड, नुसता कुटलेला, बाकी काही म्हणजे काही नाही. मी ठेवला डबा. (हेच डबे मी सगळ्या शिक्षकांना आणि हेडसरांना आधीच वाटले होते. सही हवी असली की माणूस मंजनसुद्धा वाटतो.) वर छाती फुगवून सांगितलं, खुद्द माझ्या आत्याचं आहे!

‘हरकत!’

हरकतबाईनं मंजन कागदावर पसरलं, बिघडलेल्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं आमचं दांडगं लोहचुंबक वरून फिरवलं, आणि चुंबकाला मिशा फुटल्या गं आत्या! लोखंडाचा कीस! (तुझा लोखंडी खल इतकी वर्षं झिजून गेला कुठे, याचा शोध लागला.) उरलेलं पाण्यात टाकलं. मीठ विरघळलं, कसलीशी सालं वर तरंगली आणि तांबडी कचकच तळाला बसली. तपासणीच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, ‘हा एकच दगड का?’

बाईंशेजारी बसलेले हेडसर मात्र माझी बाजू सावरायला उठले. किती भला माणूस! म्हणाले, ‘मी रोज वापरतो, मला काय झालंय? खुशाल तपासा!’ आणि त्यांनी आपले ते सगळ्या शाळेत नावाजलेले दात विचकले. हरकतबाई चुंबक घेऊन पुढे गेली. खट्ट! ती मागे आली तेव्हा चुंबकाला हेडसरांची वरची कवळी लटकत होती, तारेसकट. कवळी आहे हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती शांतपणे म्हणाली, ‘सर, साध्या उपायानं वेगळं झालं. म्हणजे हेडसर मिश्रण.’ अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पदर तोंडाला लावून सही केली. ‘मुलांना विषय पक्का समजला आहे’ असा शेराही दिला. हेडसर मात्र कवळी मुठीत धरून आत गेले ते दार लावूनच बसलेत, आणि त्यांच्या सहीशिवाय मी कायम होत नाही. मला रडू येतंय गं, खरंच.

तुझा,
(अजून तरी) कच्चा भाचा

ता. क. – पाकीट चिकटवणार तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. हेडसर सही करतील, पण एका अटीवर. त्यांची कवळी आजवर दुसऱ्या कशानंच इतकी चकचकीत झाली नव्हती म्हणे. तेव्हा निवृत्त होईपर्यंत दरमहा दोन डबे, आणि अगदी हेच! तर आत्या, तुझ्या पाया पडतो (या वेळी खाली वाकून), मंजन सुधारायला जाऊ नकोस. लोखंड काढू नकोस, खल बदलू नकोस, आहे तसं लगेच पाठव.

दुसरा ता. क. – तळाच्या तांबड्या कचकचीचा वर्गात अजून उलगडा झालेला नाही. हरकतबाई सुट्टीत तुझ्याकडे यायचं म्हणतेय, चुंबक घेऊन. तुझ्या परसातली विटांची पडकी भिंत दरवर्षी थोडी थोडी बुटकी होत चाललीय, तिचा याच्याशी काही संबंध नाही ना? मला कळवू नकोस. मलाही रोज त्यानंच दात घासायचे आहेत.