गोल घर, दगडी घुमट आणि एक भेग

मी, रविकिरण शिवप्पा हत्ते, वय चौपन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार निलंगा, सर्वप्रथम तक्रार नोंदवतो की माझ्या उंबरठ्यावर नारळ फोडण्यात येऊ नयेत. घराला घुमट आहे म्हणून आत देव असेलच असे नाही. आत मी असतो. गेल्या सोमवारी एका बाईंनी माझ्या चपलांना हळदकुंकू वाहिले.

एवढे सुसंगत लिहू शकतो, म्हणजे डोके ठिकाणावर आहे आणि कोणाचे दडपण नाही, असे समजावे. माझ्या पश्चात व्यवस्था पुढीलप्रमाणे.

१. घर पत्नी मंजुषा हिचे. संपूर्ण गोल, कपाट कुठल्याच भिंतीला टेकत नाही, यावरून तिने चौदा वर्षे जे ऐकवले ते सर्व मान्य. मोरपिसाच्या डोळ्यासारख्या अकरा खिडक्या, बाहेरून वळत वर जाणारा जिना, आणि घुमट असा की या भिंतीशी कुजबुजावे, त्या भिंतीशी ऐकू यावे. पाहुणे दारातच थबकतात, "लई भारी घर हाय!" तेव्हा मी पाहुण्यांची तोंडे बघतो. हे सुख कोणाच्या नावे करता येत नाही.

२. पुस्तके आणि पोस्टातली ठेव लेक शांभवी हिला. पुस्तके वाचण्याची अट नाही. रद्दीत घालताना कोश शेवटी घालावा.

३. समोरचे नागप्पा घराला "पालथी घागर" म्हणतात आणि रोज संध्याकाळी ओट्यावरून तासभर बघतात. त्यांना माझी आरामखुर्ची. नीट बसून बघा.

४. हे कलम टाळत होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमचे जुने दगडी घर उभे असूनही आम्ही दोन वर्षे अंगणात पत्र्याखाली झोपलो. आई भिंतीला टेकून बसत नसे. हे पाहिलेल्या माणसाने पुढे डोक्यावर दगडी घुमट बांधून घेतला. घर बांधणारे ताहेर मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "गुर्जी, घुमट भिंतीला भाईर ढकलत राहतो. बुडाशी लोखंडी पट्टा घ्या."

"इतक्या सुंदर गळ्यात लोखंड?"

"ताबीज समजा की."

"अहो, दिसेल ना ते!"

"पट्टा दिसंल. पण उद्या-परवा तुमी बी दिसाल."

मी पट्टा घेतला नाही.

गेल्या महिन्यात जमीन दोनदा गुरगुरली. घुमटाच्या बुडाशी, मंजुषाच्या खाटेच्या बरोबर वर, भेग पडली. मी चुना भरला. आठ दिवसांत चुना फाटला. आता भेगेत पेन्सिल जाते. वर तोरण लावले, तर मंजुषा म्हणाली, "खाटेवर तोरण? अहो, तुमचं काय चालू हाय?" मी सणाचे काहीतरी सांगितले.

आज ताहेर मिस्त्री साक्षीला आले. तोरण बाजूला करून त्यांनी वर बघितले आणि खाटेवरची उशी उचलून दाराशी नेऊन ठेवली.

५. सबब हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजच लागू. मंजुषाने हा कागद आज वाचावा. खाट आजच अंगणात, पत्र्याखाली न्यावी. ठेव मोडून पट्टा बसवावा. शांभवीने खुशाल रागवावे.

मरणाला भीत नाही असे लिहिणार होतो, ते खोटे. पण त्याहून मोठी भीती ही, की मी शाळेत मुलांकडून शब्दरूपे म्हणवून घेत असेन, घरी मंजुषा दुपारची झोपलेली असेल, आणि माझ्या हट्टापायी घुमट तिच्यावर पडेल.

सही: रविकिरण शिवप्पा हत्ते

आमच्यादेखत वाचून सही केली. साक्षीदार:
ताहेर मुनीब शेख, गवंडी
बुद्धप्रिया कांबळे, सहशिक्षिका

निलंगा, जि. लातूर, १४ जुलै २०२५