मागच्या गाडीने

वसमत
८ जानेवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोलले की भांडल्यासारखं वाटतं. म्हणून पत्रच बरं. इकडे आम्ही तिघंही ठीक.

जान्हवीला जूनमध्ये शाळेत घालायचं. त्याआधी खेळता खेळता थोडं शिकेल म्हणून रोज संध्याकाळी तिला मैदानावर नेते. वहीत सगळं आखून ठेवलंय. सोमवारी झोक्यावर गाणं, मंगळवारी पानांचे रंग, बुधवारी खडे मोजणं. पण ती माझं काही चालू देत नाही. बागेत नेलं, शाळेच्या मैदानावर नेलं, देवळामागच्या पटांगणातही नेलं. जिथं जावं तिथं सगळ्यात उंच जागा शोधते आणि बसून राहते. बागेत तर घसरगुंडीच्या माथ्यावरच. घसरत नाही. मागची पोरं खोळंबतात, आणि मला त्यांच्या आयांची माफी मागावी लागते. हे म्हणतात, पोरगी कलेक्टर होणार, आत्तापासून वरून पाहणी करते. मला हसू येत नाही. माझंच शिकवणं चुकत असेल का?

तुम्ही एकदा आलात तर फार बरं होईल. चार वर्षांत तुम्ही आमचं घर पाहिलं नाही. महादेवाची पूजा टाकून येता येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिलं. चुकलं असेल तर पोटात घाला, माया आहे तितकी राहू द्या.

तुमची,
मंजुषा


साखरा
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. काल संक्रांत, देऊळ बायकांनी भरलेलं, म्हणून जवाब आज लिहून राहिलो.

वही काहून केलीस? तुला मी कधी वही धरून शिकवलं होतं का? तू पारावर बसून देवाचा बेल निवडायचीस. एका देठाला तीन पानं. तीन, सहा, नऊ तुला आधी आलं, एक-दोन मागून. शाळेत गेल्यावर मास्तरांना तकलीफ झाली, पण शिकलीस ते तुझं तू. मी नुसता मागं बसून होतो. तूही तशीच बस. ती चढली की तू पण चढ, अन् तिथून काय दिसतं ते बघ. लोकं हसले तर हसू दे.

येण्याचं म्हणशील तर सकाळची पूजा अन् दिवेलागणीचा दिवा, या दोन्हींच्या मधात वसमत बसत न्हाई. तुझी आई असती तर दिवा तिनं लावला असता. वाईट वाटून घेऊ नको. लेकराच्या पाठीवरून माझा हात फिरव, अन् तुझ्याही.

तुझा,
आबा


वसमत
२४ जानेवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकून ओढणी खोचली आणि घसरगुंडी चढले. माथ्यावर दोघींना जागा पुरत नाही, तिला मांडीत घेतलं. तिथून बागेच्या भिंतीपलीकडे हिंगोलीकडून येणारा रस्ता दिसतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसले, तिथूनही तोच रस्ता. पटांगणाच्या कट्ट्यावरूनही तोच.

ती एस.टी. मोजते, आबा. अकरापर्यंत मोजल्या, एकही आकडा चुकला नाही. मला इतका आनंद झाला की वहीत लिहायला पेन काढला. तेवढ्यात तिने विचारलं, यातली मागची गाडी कोणती.

मग मला आठवलं. दिवाळीत साखऱ्याहून याच रस्त्याने परत निघताना ती तुमचं धोतर सोडत नव्हती. गाडी सुटली तशी रडून लाल झाली. गप्प बसावी म्हणून मी सांगितलं होतं की आबा मागच्या गाडीने येतात. मी विसरले. ती विसरली नाही. दिवाळीपासून ती तुमची वाट पाहते आहे आणि मी तिला पानांचे रंग विचारते आहे.

तुम्ही मला लहानपणी कधी खोटं सांगितलं नाही. तुम्ही येणार नाही हे तिला सांगायला हवं, पण माझं तोंड उघडत नाही. काय सांगू ते लवकर कळवा. रागवा, पण लिहा.

मंजुषा


साखरा
३१ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

तिला काही सांगू नको. शब्द तू दिलास, पण माझ्या नावानं दिलास.

शेजारच्या तातेरावला विचारलं. तो म्हणाला, चाळीस वर्षांत तुम्ही एक दिवस सुट्टी मागितली न्हाई, देव काय तुमचा पगार कापून राहिला का. रविवारी, नऊ तारखेला, सांजचा दिवा तो लावील. त्याला वात, तेल, काडेपेटी दाखवून ठेवली. तिसऱ्यांदा दाखवली तसा चिडला.

सकाळची पूजा करून निघतो. कंडक्टरला बागेच्या कोपऱ्यावर उतरवायला सांगीन. कोणती गाडी भेटल ते मलाही ठाऊक न्हाई. तिला मोजू दे. मी उतरलो की तू हाक मारू नको. तिचं तिला दिसू दे.

आबा


वसमत
१० फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात का, आणि तातेरावकाकांनी दिवा वेळेवर लावला का, तेवढं कळवा.

तुम्ही सहाव्या गाडीने आलात. ती ओरडली नाही. सहा म्हणाली आणि घसरगुंडीवरून सरळ खाली आली, पहिल्यांदाच. मग तुमचं बोट धरून तिने तुम्हाला सगळं दाखवलं, मुंग्यांचं वारूळ, गळका नळ, करकरणारा झोका. या सगळ्या गोष्टी तिने कधी पाहून ठेवल्या होत्या कोण जाणे. तुमची टोपी झोक्यावरून पडली तेव्हा मी तुम्हाला कितीतरी वर्षांनी तसं हसताना पाहिलं. तीन तास थांबलात. घरी फक्त चहापुरते आलात. वही मी उघडलीच नाही.

परतीच्या गाडीत बसल्यावर तुम्ही खिडकीतून तोंड वळवलंत. जान्हवीने ते पाहिलं. ती काय म्हणाली ते तुम्हाला गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते. आबांनी रडायचं नाही, म्हणाली, मी आणि आई मागच्या गाडीने येतो.

मी तिला दटावलं नाही. घरी आल्यावर ती चपला काढेना, तेव्हा यांनीच माळ्यावरची प्रवासाची पिशवी खाली काढून दिली.

शनिवारी सकाळी निघतो. मागची नाही, पण पहिली गाडी. दोन दिवस सांजचा दिवा आम्ही दोघी लावू. तुम्ही नुसते मागं बसा.

तुमची,
मंजुषा