मोकळ्या पाण्याकडे हात

१२ नोव्हेंबर
दादाने आज नावाड्याला वल्ह्याने मारलं. कानातून रक्त आलं.

चूक दादाची होती. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून पुढे बसलेल्याने हात करायचा आणि मागचा नावाडी तिकडे नाव वळवणार. हात नेहमी मोकळ्या पाण्याकडे, खडकाकडे कधीच नाही. निघतानाच नावाड्याने बजावलं होतं. दादाने खडक दाखवला. नाव सरळ खडकावर.

"दिसत नाही, आंधळ्या?"

"दिसतं, साहेब. तुमचा हातच दिसला."

त्यावर वल्हं. मी हळूच "पुरे आता" म्हटलं — पण कुणाला?

१३ नोव्हेंबर
दिवसभर काठावर. तळाची चीर डांबराने बुजवली. दादाने सगळ्यांना चहा केला, नावाड्याला विचारलं, दुखतंय का. "त्या कानात अजून तुमचं वल्हंच वाजतंय, जरा मोठ्याने विचारा." दादा खो खो हसला.

मला लगेच हायसं वाटलं. वहिनीलाही दर वेळी असंच वाटत असेल. ती घर सोडून गेली, तेव्हा दादाला नदीवर नेऊन शांत करायचं मीच ठरवलं. फोनवर तिला हे सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "ताई, नावेत आतून कडी लावता येत नाही."

१४ नोव्हेंबर
काड्यापेटी भिजली, माझ्या हातून. दादाने माझं डोकं नावेच्या काठावर आपटलं. पुढचा दात गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा मार खाल्ला, तोही चाळिशी उलटल्यावर.

नावाड्याने त्याला वाळूत पाडलं, छातीवर पाय ठेवला. "उद्या पुढे ताई बसतील."

१५ नोव्हेंबर
नदीचा मोठा, वेगाचा उतार. मी पुढे. मधेच दादा उठला, माझे केस धरून मागे ओढायला लागला. "सरक, मी दाखवतो." नाव कलली, तो पाण्यात. डावीकडे वर आला, खडकांमध्ये. उजवीकडे पाणी मोकळं होतं.

मी उजवीकडे हात केला.

नावाड्याने विचारलं नाही. वळवली. आम्ही दोघं वाचलो.

'दादा मला दिसलाच नाही' असं आधी लिहिलं होतं. खोडलं. दिसला होता. त्यानेही माझा हात पाहिला.

१६ नोव्हेंबर
दादा जिवंत आहे. मासे धरणाऱ्यांनी त्याला पलीकडच्या काठावर काढलंय. पाय मोडलाय, माझ्या नावाने ओरडतोय म्हणे. "ताई, कुठे वळवू?" नावाडी सुकाणू धरून माझ्या हाताकडे बघतोय.

हात लिहितो आहे.